प्रणालीचा तिसरा पेपर

७ एप्रिल, सोमवार
डिसेंबरनंतर आज वही उघडते आहे. कारणं देत बसत नाही, सगळी आळसाचीच होती. चुकलं.

प्रणालीचा दुसरा पेपर झाला. एफवायबीए, कुर्ल्याची, जन्मापासून दिसत नाही. ती सांगते, आमची रुचा लिहिते. घाटकोपरच्या आमच्या गटात अंध मुलांना परीक्षेसाठी रायटर शोधून द्यायची यादी माझ्याकडे आहे. यंदा त्या यादीत पोटची मुलगी, अकरावीतली. नको तितका अभिमान वाटतोय.
रुचाने दोघींचा फोटो टाकला, खाली 'मी हिचे डोळे'. काढायला लावला. "आई यार, सगळे टाकतात."

९ एप्रिल, बुधवार
आज प्रणालीचा तिसरा पेपर होता.
अकराची वेळ. पावणेअकराला ऑफिसात प्रणालीचा फोन : काकू, रुचा कुठवर आली? रुचाचा फोन बंद. अंधेरीहून रिक्षा केली, साडेअकरा वाजले केंद्रावर पोचायला. म्हटलं, मी लिहिते. सुपरवायझर बाई म्हणाल्या, "तुम्ही ग्रॅज्युएट ना? मग नाही चालणार." रायटर परीक्षार्थीपेक्षा कमी शिकलेला हवा. हा नियम दर वर्षी मीच मुलांना समजावते. बाईंचं बरोबर होतं म्हणून जास्तच भांडले.
प्रणाली पहिल्या बाकावर, हात मांडीवर. ती तिथे बसलेली असताना तिच्या नावापुढे गैरहजर लिहिलं. आता हा पेपर पुन्हा, ऑक्टोबरात की कधी.
रुचा मार्व्याच्या बीचवर गेली होती. मैत्रिणींबरोबर. संध्याकाळी आली, पायाला वाळू. "माझे तास झाले ना. फॉर्मपण जमा झाला. मला वाटलं तू दुसऱ्या कुणाला पाठवशील."
निर्लज्ज म्हणाले. दोनदा.

१० एप्रिल, गुरुवार
ऑफिसात लक्ष नाही. सकाळी पुन्हा तेच भांडण. शेवटी ती शांतपणे म्हणाली, "बारा तासांवर सही तूच केलीयेस, आई. पहिल्या पेपरच्या आधी."
खरं आहे. तिच्या कॉलेजला समाजसेवेचे बारा तास लागतात. चार पेपर, तीन-तीन तास. सगळ्याच मुलांच्या फॉर्मवर मी आधी सही करून ठेवते. मग सहीसाठी मागे लागत नाहीत, माझं काम हलकं होतं. यापूर्वी किती जण अर्ध्यावर सटकले असतील, मला माहीतही नाही.
कॉलेजचा राग येतोय. सेवा काय तासांवर मोजतात? पण भरून कुणी दिले? आणि जानेवारीत रुचाला पहिलं वाक्य काय म्हणाले होते मी? 'तुझे तासपण होऊन जातील.' प्रणाली कोण, तिला काय शिकायचंय, हे सांगितलंच नाही. तिनेही विचारलं नाही. दोघी सारख्याच.

कॉलेजला पत्र दिलं : माझी सही चुकीची होती, रुचाचे सहाच तास धरावेत. बाकीच्या मुलांबद्दल लिहायचं धाडस झालं नाही.

११ एप्रिल, शुक्रवार
ऑफिसातून परस्पर कुर्ल्याला. प्रणालीच्या आईने बसा म्हटलं नाही. "माझ्या चेडवाची वर्साची मेहनत गेली," एवढंच, आणि आत गेली. ओरडली असती तर सोपं गेलं असतं.
मी माफीचं सुरू केलं. प्रणालीने तोडलं. "माफीचं राहू द्या काकू. मंगळवारी शेवटचा पेपर. कोण लिहिणार?"
यादीतले सगळे फोन लावून झाले होते. परीक्षा संपल्या, मुलं गावाला. दोघं इथे आहेत, दोघांनीही आधी सर्टिफिकेटचं विचारलं. मी फोन ठेवला. मला तो हक्क होता का? तेही सांगितलं प्रणालीला. ती हसली. "तुम्ही रागावून फोन ठेवलात, पेपर माझा राहील." मग म्हणाली, "रुचालाच आणा. पण ती माझी वाक्यं सुधारते. मी थांबले तरी पेन चालू असतं, मला ऐकू येतं. ते बंद. आणि फोटो नाही, फॉर्म नाही."

१३ एप्रिल, रविवार
काल रुचाशी बोलण्यापुरतीही शांत नव्हते. आज सकाळी प्रणालीचं जसंच्या तसं सांगितलं. पेनचं ऐकून तिचा चेहरा उतरला. "मी तर तिला चांगले मार्क मिळावेत म्हणून..." पत्राचं कळल्यावर रडली, माझ्यावर ओरडली, दार लावून घेतलं.
दुपारी बाहेर आली. "तू चिडलीयेस म्हणून गेले, तर ते तू खरं धरशील?"
प्रणालीला काय, पेपर लिहिला गेला की झालं. मलाही तेवढंच पुरायला हवं. पुरत नाही. तिने आपणहून जावं असं वाटतं, आणि हे वाटणंही तिच्यावर लादतेच आहे. राग अजून आहे. निम्मा कुणावरचा, ठरत नाही.
रुचा हो म्हणालेली नाही. नाहीही नाही.

उद्या : संध्याकाळी सहाच्या आत प्रणालीला रायटरचं नाव कळवणे.