भिंत पिवळीच होती

मी, रंगाच्या दुकानाची मालकीण, वय त्रेसष्ट, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दबावाशिवाय लिहून ठेवते. दबाव आहे तो फक्त उजव्या बरगडीखाली. माझ्या पित्ताशयात खडे बरीच वर्षे गुपचूप बसून होते. त्यातल्या एकाला फिरायची हौस आली आणि तो पित्तनलिकेत अडकला. उद्या सकाळी सर्जनबाई नलिका उघडून तो काढणार आहेत, आणि सोबत पित्ताशयही. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेच नव्हते, त्यामुळे ते रद्द करण्याचा प्रश्न येत नाही.

१. राहती खोली व बँकेतली शिल्लक भाचीला. तिने खिडकीला जांभळा रंग देऊ नये. देईलच, मला माहीत आहे.

२. निघतील ते सगळे खडे धुऊन, बाटलीत भरून, शेजारच्या औषधवाल्याला. चार वर्षे तो "काही नाही हो, साधं पित्त आहे" म्हणत मला गुलाबी औषध पाजत होता. बाटली त्याने दर्शनी भागात ठेवावी. (डॉक्टरांनी सोनोग्राफी तेव्हाच लिहून दिली होती. तो कागद मी डिस्टेंपरच्या डब्याखाली सारला, कारण मला कापाकापीची फार भीती वाटते. हे औषधवाल्याला सांगू नये.)

३. दुकान, रंग ढवळायचे यंत्र आणि सर्व शेडकार्डे धाकट्या बहिणीला. याचे कारण देणे भाग आहे. सहा वर्षांपूर्वी मी दुकानाची भिंत रंगवली. ती म्हणाली, "ताई, यात पिवळा आहे." मी म्हटले, "पांढरा म्हणजे पांढरा. दिसत नसेल तर दुकानात येऊ नकोस." ती खरेच आली नाही. राग दोघींच्याही नाकावर असतो.

गेल्या मंगळवारी ती आली. भाचीने चुगली केली असणार. तिने शेडकार्ड उचलून माझ्या डोळ्याशेजारी धरले.

"तुझ्या डोळ्यातला पांढरा हा बघ. तिसरी ओळ, लिंबू."

"ट्यूबलाइटचा उजेड आहे," मी म्हटले.

"तेव्हाही हेच म्हणाली होतीस," असे म्हणून तिने माझा हात धरला, तो दवाखान्यात पोचेपर्यंत सोडला नाही.

सबब मी लिहून देते की भिंतही पिवळीच होती. तिची नजर माझ्यापेक्षा चांगली आहे. आणि ही सहा वर्षे मला दुकानात करमले नाही.

४. वकीलबाई सांगतात की, ज्याला काही मिळणार आहे त्याने साक्षीदार म्हणून सही करायची नाही. केली तर त्याचा वाटा जातो. औषधवाला खड्यांमुळे बाद झाला. तेव्हा समोरचा चष्मेवाला आणि वकीलबाईंचा कारकून सही करतील.

स्थळ: दुकानाचा काउंटर.
दिनांक: ऑपरेशनचा आदला दिवस, दुपारी चार.
लिहून देणार: मालकीण (सही)

साक्षीदार:
१. चष्मेवाला (सही)
२. ~~वकीलबाईंचा कारकून~~ धाकटी बहीण (सही)

कलम चार नीट वाचूनच सही केली आहे. दुकान मला नको. टाके निघाले की भिंत ताईनेच रंगवावी. रंग मी निवडीन.