निम्म्या बाटलीचा नियम

तीर्थरूप दादा,

साष्टांग नमस्कार. हे पत्र मी पेटीत टाकणार नाही, कारण तुझ्या लेखी मी या क्षणी मैत्रिणीकडे विश्रांती घेते आहे. प्रत्यक्षात समुद्रकाठच्या एका खानावळीत, गरम पाण्यात पाय सोडून बसले आहे. एकटीच डोंगर चढून आले. पूर्ण नाही, पण त्याचं श्रेय तुझं.

सकाळी कड्याची वाट धरली. खाली निळाशार समुद्र, वर शिखर अगदी हाकेच्या अंतरावर, आणि बाटलीतलं पाणी नेमकं निम्म्यावर आलं. लहानपणी आपण टेकड्या चढायचो, तेव्हा तू याच क्षणी पाठ फिरवायचास. "निम्मं जायला, निम्मं यायला. चल!" त्यावर मी पाठशाळेत नुकत्याच शिकलेल्या संस्कृतात तुला यथेच्छ शाप द्यायचे. आजही दिले, आणि निमूटपणे मागे फिरले.

बरीच खाली उतरल्यावर वळून पाहिलं, तर शिखर, वाट, कडा सगळं धुक्यानं गिळलं होतं. मी वर असते, तर पुढचं पाऊल दगडावर पडलं असतं की हवेत, हे परमेश्वरालाच ठाऊक. तिथेच मटकन बसले आणि मोठ्यानं "दादा!" म्हटलं. ऐकायला फक्त डोंगर होता, म्हणून संकोच वाटला नाही.

खानावळीतल्या मावशींनी आल्या आल्या विचारलं, "गाठलंत का शिखर?"

"नाही हो, मोठा भाऊ आडवा आला."

"अगंबाई! मग मागे कुठे राहिला तो?"

"घरी. गुडघे शेकत बसलाय."

तुझी आज्ञाधारक (फक्त डोंगरावर),
धाकटी