एकोणीस मिनिटांचा थांबा

३ ऑगस्ट, रविवार

आज पनवेल येथे चिरंजीव हरेश याच्या नव्या घरी राहावयास आलो. घर नवव्या मजल्यावर असून वारा उत्तम येतो. माझे शिक्षण इयत्ता चौथीपर्यंत. परंतु केंद्रात पहिला आलो होतो आणि तेव्हापासून रोजनिशी शुद्ध लिहीत आलो आहे. नात मनस्वी हिने स्वागतार्थ माझ्या मनगटावर एक घड्याळ बांधले. ते आकाशातील उपग्रहांशी संधान ठेवते आणि माणूस कोठून कोठे धावला, त्याची रेघ मोबाइलच्या नकाशावर काढते. अंतर, वेग, हृदयाचे ठोके, थांबलेला वेळ, सर्व काही नोंदले जाते. "आबा, आता थापा चालणार नाहीत हं," असे ती म्हणाली. सर्व हसले. मीही हसलो.

५ ऑगस्ट, मंगळवार

सोसायटीच्या बागेस गोल फिरणारी वाट आहे. सहा फेऱ्या केल्या. पैकी दोन धावत. नकाशावर सुरेख वर्तुळ उमटले. सातव्या मजल्यावरील इक्बालभाई, जे कुवेतला तीस वर्षे नोकरीस होते, त्यांनी हटकले, "आबा, या उमरीत कुणाला हरवायचंय?" मी उत्तर दिले की, ज्यास हरवावयाचे होते त्यास केव्हाच हरवले. त्यांना तो विनोद वाटला.

९ ऑगस्ट, शनिवार

फेऱ्या बागेतच केल्या. परंतु नकाशावर वर्तुळ नाही. रेघ येथून कित्येक कोस दूर, उरणच्या खाडीत उमटली. तीन वळणांची, चिंचोळी. तो आमच्या मिठागराचा बांध आहे. तेथे आता भराव असून कंटेनर रचलेले असतात. बांध नावालाही उरलेला नाही. मनस्वी म्हणाली, "ड्रिफ्ट असतं ते आबा, उंच बिल्डिंगमुळे होतं." असेल. शिकलेली मुलगी आहे.

१४ ऑगस्ट, गुरुवार

सहाव्या दिवशीही तीच रेघ. म्हणून पूर्ववृत्त लिहून ठेवतो.

मिठागरांवर रिवाज असा होता: उधाणात बांधाला खांड पडली, म्हणजे भगदाड पडले, की जवळच्या दोघांपैकी एकाने त्यात पाठ लावून उभे राहायचे आणि दुसऱ्याने धावत जाऊन गावातून माणसे आणायची. उभा राहिलेला जागा सोडत नाही. धावणाऱ्याच्या शब्दावर कोणी शंका घेत नाही.

सन १९७४ च्या पिठोरी अमावास्येस, भर दुपारी, बांधावर मी आणि माझा मेहुणा रामू असे दोघेच होतो. रामूने पाठ लावली. "दाजी, धाव! मी हाय हितं!" असे तो ओरडला. माणसे पोहोचली तेव्हा पाणी त्याच्या डोक्यावरून गेले होते. जीव तोडून धावलो, असे मी पंचांपुढे सांगितले. माझी पत्नी गुणाबाई, रामूची सख्खी बहीण, हिने त्या रात्री रडत रडत माझ्या पायांना तेल चोळले.

१७ ऑगस्ट, रविवार

मोबाइलमध्ये एक नवी नोंद आली आहे. दिनांक १७ ऑगस्ट १९७४. अंतर सव्वादोन किलोमीटर. लागलेला वेळ बावन्न मिनिटे. पैकी थांबलेला वेळ एकोणीस मिनिटे. प्रकार: चालणे.

मनस्वी खूप हसली. तिने नोंद पुसली. चहा होईपर्यंत ती परत आली.

गुणाबाई आता हयात नाही, तेव्हा लिहिण्यास हरकत नाही. त्या वर्षी मे महिन्यात, हळदीच्या मांडवात, रामूने दोनशे माणसांसमक्ष माझी टोपी उचलून बैलाच्या शिंगाला अडकवली. "बगा, मास्तर आलं! आता बाराखडी म्हणंल!" सारा मांडव हसला. गुणाबाईसुद्धा. ते हसू मी तीन महिने उराशी धरले. अमावास्येस बांधाच्या दुसऱ्या वळणावर बसलो. एक बिडी ओढली. मग दुसरी ओढली.

पश्चात्ताप नाही. खाडाखोड न करता लिहितो: नाही.

१९ ऑगस्ट, मंगळवार

घड्याळ काढून कपाटात ठेवले, कुलूप लावले. तरीही नकाशावर एक ठिपका आहे. जेथे खांड पडली होती, नेमका तेथे. हलत नाही. हृदयाचे ठोके एकशे साठ.

तो उभा आहे.

२० ऑगस्ट, बुधवार

मोबाइलवर संदेश. पाठवणाऱ्याचे नाव नाही. "दाजी, धाव."

मला दाजी म्हणणारा एकच होता. मनस्वीस विचारले, तिला तो संदेश दिसत नाही.

२१ ऑगस्ट, गुरुवार

बुटांत खाडीचा चिखल. बागेत गेलोच नव्हतो. नळाचे पाणी खारट लागते. हरेश म्हणतो, नाय बाबा, गोडच हाय. घड्याळ पुन्हा मनगटावर आहे. मी बांधलेले नाही. पट्टा सुटत नाही —

२२ ऑगस्ट, शुक्रवार. पिठोरी अमावास्या

सकाळी. सर्व मंडळी पूजेसाठी गावी गेली. मी गेलो नाही. त्या वाटेवर जाणार नाही.

साडेअकरा. भरतीची वेळ. दाराच्या फटीतून पाणी येत आहे. नवव्या मजल्यावर. गढूळ — शेवाळाचा वास —

दार बाहेरून रेटले जात आहे. मी पाठ लावून बसलो आहे. वही गुडघ्यावर. इक्बालभाईंना फोन लावला — केवळ लाटांचा आवाज —

घड्याळ थरथरले. ठिपका निघाला. खांडीपासून गावाच्या दिशेने. म्हणजे या खेपेस तो — आणि मी —

रामू धावून जाईल. माणसे आणील. रिवाज आहे.

पहिले वळण. प्रकार: चालणे.

पाणी कमरेस. धाव, रामू. टोपीचे मी केव्हाच विसरलो — नाही, विसरलेलो नाही, परंतु धाव —

दुसरे वळण. ठिपका थांबला.

थांबलेला वेळ, चार मिनिटे. खोलीत बिडीचा वास.

नऊ. पाणी छातीस. वही वर धरली आहे. मी जागा सोडलेली नाही, कोणी विचारल्यास सांगावे —

पंधरा. दुसरी पेटवली त्याने. हसतो आहे —

अठरा. रामू, धाव. धाव रं. मी हाय हि