राईचं माप

ती. मामा,

शिरसाष्टांग नमस्कार. तुमच्या गुडघ्यांना वेगळा नमस्कार, कारण तुमच्या घरात हल्ली सगळं त्यांच्याच मर्जीने होतं (असं मामी कळवतात). मागच्या पत्रात 'राई जाणार' असं लिहून मी तुमची झोप उडवली होती, म्हणून आधीच सांगतो, राई वाचली. आता पुढचं सावकाश वाचा.

गल्लीमागची राई तोडून तिथे गाड्या उभ्या करणार, अशी नगरपालिकेची नोटीस लागली आणि हिचा चेहराच उतरला. छातीच्या दुखण्यातून उठल्यापासून ती रोज सकाळी तिथे जाऊन बसते. डॉक्टरांच्या गोळ्या सुटल्या, राई सुटली नाही. दोन दिवस भाजीत मीठ नव्हतं, आणि मीही मागितलं नाही.

मग माझ्या शिलाईच्या दुकानात सभा भरली (दुकान केवढं ते तुम्ही पाहिलंय, निम्मी सभा कापडाच्या ठाणांवर बसली होती). शाळेतून निवृत्त झालेल्या बाईंनी नियम शोधून काढला. चाळीस इंचांवर घेराची झाडं निम्म्याहून जास्त निघाली, तर राईला हात लावता येत नाही. हरकत घ्यायला चार दिवस उरले होते. मोजणार कोण, असं बाईंनी विचारलं, तर सगळे माझ्या गळ्यातल्या टेपकडे बघायला लागले.

चार दिवस अख्खी गल्ली राईत. एरवी एकमेकांचं तोंड न बघणारे न्हावी आणि बेकरीवाला एकाच खोडाला दोन बाजूंनी मिठी मारून उभे. ही टेपचं टोक धरायची, मी माप सांगायचो, बाई वहीत लिहायच्या. (एका झाडाला मी सवयीने 'हात वर करा' म्हणालो, बाईंनी तेही लिहून घेतलं.) दोनशे अकरांपैकी एकशे बारा झाडं भरली. साहेब आले, नमुन्याला एकच झाड मोजलं, ते नशिबाने सगळ्यांत लठ्ठ निघालं, आणि नोटीस काढून घेऊन गेले. मामा, त्या दिवशी ही पोटभर जेवली. माझा जीव भांड्यात पडला, आणि मोरीत तोंड धुवायला म्हणून गेलो तो रडूनच आलो.

मामींना नमस्कार.

तुमचा भाचा

ता. क. : एक अडचण आहे. तुमचे शर्ट मीच शिवतो, तेव्हा तुम्हाला ठाऊक आहे की अंगाच्या मापात दोन इंच ढिलाईचे मिळवूनच मी आकडा सांगतो. तीस वर्षांची सवय, झाडांपुढेही सुटली नाही. काल वही चाळताना लक्षात आलं. खरी भरलेली झाडं नव्वदच आहेत, आणि दोन वर्षांनी साहेब सगळी पुन्हा मोजणार आहेत. तुमची हयात रोपवाटिकेत गेली, तेव्हा तेवढ्या मुदतीत घेर दोन इंच वाढेल असं खत कळवावं. बाईंच्या कानावर जाऊ देऊ नये.

ता. क. २ : पाकीट बंद करण्याआधी हिने पत्र वाचलं. म्हणते, प्रत्येक झाडाला टेपखाली तिचं एक बोट होतं, आणि तेही मुद्दाम. तेव्हा खत तीन इंचांचं कळवावं.