फक्त निकाल

९ जून

प्रिय ताई,

नमस्कार. मी ठीक आहे. तू विचारणारच म्हणून आधीच लिहिते: हो, वेळेवर जेवते. भाऊजींना नमस्कार सांग. छोटीचा दात आला का, कळव.

परवा फोनवर तू म्हणालीस, "तुझ्याकडून नुसते मथळे मिळतात. नोकरी लागली. घर बदललं. ताप आला होता, गेला. बोलता येत नसेल तर लिही तरी." म्हणून लिहिते आहे.

आमच्या वर्तमानपत्राच्या वेबसाइटवर प्रत्येक वाचकाला आपलं पान आपल्याला हवं तसं लावता यावं, हे काम माझ्याकडे आलं आहे. राजकारण, खेळ, हवामान, सिनेमा अशा प्रत्येक विषयापुढे एक स्लायडर. उजवीकडे सरकवला की त्या विषयाच्या बातम्या वाढतात, डावीकडे नेला की कमी होतात, टोकाला नेला की बंद. रेडिओचा आवाज लहानमोठा करण्याइतकं हे सोपं असेल, असं मला वाटलं होतं.

थोडं तयार झालं की आम्ही ते बाहेरच्या माणसांना वापरायला देतो. एक लहान खोली, टेबल, संगणक. जो वापरतो त्याने मनात येईल ते सगळं मोठ्याने बोलायचं. शेजारच्या खुर्चीतल्याने मदत करायची नाही, मान डोलवायची नाही, फक्त लिहून घ्यायचं. फार तर एकच प्रश्न विचारायचा: "असं का वाटलं, सांगाल का?" हे नियम मीच घालून दिले आहेत. गप्प बसायच्या खुर्चीत मी उत्तम बसते, हे तुला वेगळं सांगायला नको.

काल एक निवृत्त तिकीट तपासनीस बाई आल्या होत्या. चष्मा नाकाच्या शेंड्यावर, पर्स मांडीवर घट्ट. "राजकारण? नको गं बाई," म्हणत त्यांनी पहिला स्लायडर थेट टोकाला नेला. मग बराच वेळ वाचत बसल्या आणि एकाएकी थांबल्या.

"निवडणुकीचा निकाल कुठाय?"

मी लिहून घेतलं.

"आज निकाल होता ना? तुमच्या पेपरला पत्ताच नाही?"

"असं का वाटलं, सांगाल का?"

"का म्हणजे? दिसत नाही म्हणून."

शेवटी मलाच नियम मोडून सांगावं लागलं की राजकारण त्यांनीच बंद केलं आहे.

"मी भांडणं बंद केली," त्या म्हणाल्या. "निकाल कुठे बंद केला? शेजारी भांडायला लागले की मी खिडकी लावून घेते. म्हणून काय उद्या ते घर सोडून गेले तरी मला कळू नये?"

माझ्या पाठीमागे कोणीतरी फिस्सकन हसलं. तो हरकतराव. हा आमचा उपसंपादक, बातम्यांचे मथळे लिहितो. "माझी एक हरकत आहे" म्हटल्याशिवाय तो चहाचा कपसुद्धा उचलत नाही, म्हणून सगळे त्याला हेच म्हणतात. पहिल्या दिवसापासून तो मला सांगत होता, "माणसाला विषय नकोसा होत नाही, त्यातला कालवा नकोसा होतो." मी म्हणत होते, कालवा मोजता येत नाही, बातम्या मोजता येतात.

"ऐकलंस?" बाई गेल्यावर तो म्हणाला.

"निरीक्षकाने हसायचं नसतं," मी म्हटलं.

पण मुद्दा त्याचाच बरोबर निघाला. आता 'कमी' आणि 'बंद' यांच्यामध्ये आणखी एक थांबा असणार आहे: 'फक्त निकाल'. रोजची हाणामारी नको, शेवटी काय ठरलं तेवढं सांगा. नाव त्याचं, आखणी माझी. आज दिवसभर त्यावरून वाद चालला होता. माझ्या स्क्रीनच्या कडेला त्याच्या चिठ्ठ्यांची झालर लागली आहे. काढून टाकायला वेळ मिळालेला नाही.

बाकी विशेष नाही. हरकतरावाला दुसऱ्या शहरातल्या एका वर्तमानपत्राने मोठी जागा देऊ केली आहे. पुढच्या शुक्रवारपर्यंत त्याने हो-नाही कळवायचं आहे. त्याने मला सांगितलं, मी अभिनंदन केलं. असो.

तुझी
धाकटी

१९ जून

ताई,

पत्र हातात पडताच तुझा फोन. "अख्ख्या पत्रात तुझ्या कामापेक्षा हरकतरावच जास्त, आणि शेवटी 'असो'? असो म्हणजे काय गं शहाणे?" मी म्हटलं, काही नाही. तू विचारलंस, अभिनंदन केलंस तेव्हा त्याचा चेहरा कसा झाला? मी म्हटलं, पाहिला नाही, स्क्रीनकडे बघत होते. तू फोन आपटलास. बरोबर केलंस.

काल शुक्रवार होता. चाचणीला यायचा माणूस आलाच नाही. 'फक्त निकाल'खालच्या सगळ्या ओळी हरकतरावाने लिहिल्या होत्या आणि मी त्या अजून वाचल्या नव्हत्या.

"मग तूच बस," तो म्हणाला.

"स्वतः बनवलेल्याची चाचणी स्वतः करायची नसते."

"ओळी माझ्या आहेत. नियमात बसतं."

बसत होतं. मी बोलायच्या खुर्चीत बसले आणि तो वही घेऊन शेजारी.

"राजकारण 'फक्त निकाल'वर नेते," मी सुरू केलं. "ओळी छोट्या आहेत, बऱ्या आहेत. 'सभा झाली' असं न म्हणता सभेत काय ठरलं ते लिहिलंय. बटण फार लांब पडलंय, ती माझी चूक. खेळ बंद करते."

मग हवामानाच्या स्लायडरवर येऊन थांबले.

"गप्प झालात," तो म्हणाला. "मनात येईल ते बोलायचंय."

"निरीक्षकाने एकच प्रश्न विचारायचा असतो."

"ही आठवण आहे. प्रश्न नाही."

ताई, मी नियम पाळणारी मुलगी आहे.

"हवामान उजवीकडे नेते. नीट सरकतंय. तू जाऊ नयेस असं मला वाटतं. सिनेमा मधोमध ठेवते. अक्षर थोडं मोठं हवं."

त्याचं पेन थांबलं. मान मात्र डोलवली नाही, हे त्याच्या बाजूने नोंदवते. मग तो हळूच म्हणाला, "असं का वाटलं, सांगाल का?"

"अक्षराबद्दल?"

"नाही."

मग सांगितलं. काय सांगितलं ते तुलाही लिहिणार नाही, पण पुष्कळ सांगितलं. खोली हवी असलेल्यांनी दार ठोठावलं, कंटाळून निघून गेले, मी सांगतच होते. मी इतकं बोलू शकते हे मला माहीत नव्हतं. त्याला माहीत होतं म्हणे.

माझ्यापायी मोठी जागा सोडू नकोस, असंही मी त्याला बजावलं. तो म्हणाला, "तिथे मथळे लिहायचे नाहीत, लिहिणाऱ्यांवर लक्ष ठेवायचंय. मला ते नकोच होतं. पण माझ्यावाचून इथे कोणाचं अडत नसेल, तर जावं म्हटलं." नंतर जिन्यात उभं राहून त्याने फोन करून नकार कळवला. मी एक पायरी खाली उभी होते. या वेळी चेहरा पाहिला.

आईबाबांना तू काही बोलू नकोस. भाऊजींनाही दम देऊन ठेव, त्यांच्या पोटात काही राहत नाही. घरी मला माझ्या तोंडाने सांगायचं आहे, पहिल्यापासून.

पुढच्या रविवारी आम्ही तुझ्याकडे येतो आहोत. 'आम्ही' लिहिल्यावर जरा थांबून पाहिलं. खोडावंसं वाटलं नाही.

तुझीच
धाकटी