वायरमनला बोलवू का?

प्रिय सुनंदा,

'प्रिय' एवढं लिहून मी पाच मिनिटं नुसता त्या शब्दाकडे बघत बसलो. एकतीस वर्षांच्या संसारात तुला 'अगं' आणि 'ऐकलं का' याच्यापलीकडे काही म्हटलं नाही, आणि आता एकदम प्रिय! तू असतीस तर चष्म्यावरून बघून विचारलं असतंस, "काय काम काढलंय?"

काम आहे. आज सकाळी मला करंट बसला. मोटरच्या स्टार्टरचा नाही, डोक्यातला. तू सांगायचीस ना, तोच.

माणसं घरी गेलीत, ऊन अजून आहे, आणि मी शेडमध्ये क्रेट पालथा घालून लिहितोय. कागद म्हणून फवारणीची वही घेतली आहे. तिची पुढची पानं तुझ्या अक्षरात आहेत: तारीख, औषध, प्रमाण, काढणीला राहिलेले दिवस. तू गेल्यावरच्या पानांवर माझे कोंबडीचे पाय उमटलेत. रूपाली म्हणते, बाबा, हे तुम्हाला तरी वाचता येतं का?

आधी तुला एक सांगायचं राहिलंय. मीसुद्धा तुझ्या त्या मनाच्या आजाराच्या गोळ्या खातो. हो, मी! 'आपल्यासारख्यांना असले आजार होत नसतात' म्हणणारा मी. तू गेलीस त्या बहाराला मी घडांची विरळणी केलीच नाही. सकाळी बागेत जायचो आणि दुपारपर्यंत एकाच ओळीत बसून राहायचो. घास गिळवेना, कुणाशी बोलवेना. शेवटी रूपाली मंचरहून आली, मला जीपमध्ये घातलं आणि नारायणगावला त्याच डॉक्टरीणबाईंपुढे नेऊन बसवलं. तुझ्याच खुर्चीत.

बाईंनी बजावलं होतं. "बरं वाटलं तरी आपल्या मनानं गोळी बंद करायची नाही. एकदम सोडली तर त्रास होतो. वेळ आली की मीच थोडी थोडी कमी करत आणीन." मी मान हलवली. तुझ्या वेळीही हलवली होती. माझी मान फार छान हलते.

गोळीनं मी उठलो. मागचा बहार नीट काढला, हा दुसरा. आणि मागच्या आठवड्यात पाकीट संपलं. काळ्या द्राक्षांचा माल तयार, गाडी ठरलेली, नारायणगावला जायला कुणाला सवड? म्हटलं, चार दिवस नाही घेतली तर काय बाग जळणार आहे? खरं सांगू? आतून बरंच वाटलं. सुटली तर सुटली, अशी ऐट होती.

तिसऱ्या दिवशी मळमळायला लागलं. एका क्रेटवरून मी कामावरच्या हौसाबाईवर असा ओरडलो, की माझं मलाच कळेना मी कुणावर चिडलोय. झोपलो की रोज स्वप्नात तुझ्याशी भांडण. आणि आज कात्री घेऊन मांडवाखाली उभा होतो, डावीकडच्या घडाकडे नुसते डोळे फिरवले, तर कवटीच्या आत चट् झालं. पुन्हा डोळे फिरवले, पुन्हा चट्.

सुनंदा, मला पहिली आठवण आजाराची आली नाही. माझ्या स्वतःच्या वाक्याची आली.

चार वर्षं झाली. तुला गोळी सुरू होऊन वर्ष झालेलं. त्याआधीचे तुझे ते दिवस मला कधी कळलेच नव्हते. घरात सगळं ठीक, मुलगी चांगल्या घरी पडलेली, मग ही चुलीपुढे बसून रडते कशाला? कारण नव्हतं, म्हणूनच मला राग यायचा. कारण असतं तर मी ते निस्तरायला धावलो असतो. मग गोळी लागू पडली. तू पोटभर जेवायला लागलीस, शेजारणीशी पाण्याच्या पाळीवरून भांडायला लागलीस. म्हणजे खडखडीत बरी झालीस!

नेमकं त्याच हंगामात आपल्या मालाचं एक्स्पोर्टचं सॅम्पल पहिल्या फटक्यात पास झालं. औषधाचा कणभर अंश सापडला नाही. मी हवेत! घरी येऊन तुलाच धडा दिला. "माल काढायच्या आधी फवारणी थांबवावीच लागती. नाय तर अंश राहतो. तुझ्या अंगात वर्षभराचं औषध साठलंय. रोग गेला ना? मग आता बंद."

तू म्हणालीस, "मंग मला कुठं एक्स्पोर्ट करताय?"

दोघं किती हसलो! आणि हसता हसता मी ते पाकीट उचलून माझ्या शर्टाच्या खिशात घातलं. माणूस म्हणजे वेल नाही, एवढं मला कळू नये? बाईंना एक फोन लावला असता तर! पण द्राक्षातलं कळतं म्हणजे जगातलं सगळं कळतं, असा माझा समज. तो तू कधी मोडला नाहीस, ही तुझी चूक.

चौथ्या-पाचव्या दिवशी चहाच्या वेळी सगळी माणसं बांधावर बसली होती. तू कपाळ धरून म्हणालीस, "आवं, डोळं फिरवलं की डोक्यात करंट बसतोय. वल्या हातानं स्टार्टर दाबल्यावर बसतो ना, तसा. आवाजबी येतो."

मी म्हणालो, "वायरमनला बोलवू का?"

सगळा बांध हसला. ट्रॅक्टरवाल्याला ठसका लागला. तूही पदर तोंडाला लावून हसलीस. तू हसलीस म्हणून मी समजलो, विषय मिटला. आज वाटतं, पदराआड तू खरंच हसत होतीस का? मी नीट बघितलंच नाही. मला टाळी हवी होती, ती मिळाली होती.

आणि एकदा हसू मिळालं की मी ते सोडतो होय? दुसऱ्या दिवशी, "काय, आला का वायरमन?" तिसऱ्या दिवशी, "आज लाईट हाय ना?" तुला उलट्या होत होत्या, जाहिरात बघून रडू येत होतं, भिंतीला हात लावून तू मोरीत जात होतीस. मी म्हणायचो, बघ, गोळीची सवय लागली होती, आता नाटकं सुचतात. आणि एकदा तू सरळ म्हणालीस, "मला दवाखान्यात न्या." मी काय उत्तर दिलं ते तुला पाठ असेल.

"माल निघू दे, मग जाऊ."

माल निघायला अकरा दिवस लागले.

त्यानंतर गेलो. बाईंनी तुला तपासलं, तुझ्याकडे बघून विचारलं, "गोळ्या चालू आहेत ना?" आणि तुझ्या आधी मी बोललो. "हो, चालू आहेत." का बोललो? अडाणी ठरेन म्हणून! बाई रागावतील म्हणून! तू मान वळवून माझ्याकडे बघितलंस. रागानं नाही. मोजमाप घेतल्यासारखं बघितलंस, आणि गप्प बसलीस. बाईंना वाटलं, गोळी चालू असून आजार उलटला. त्यांनी जास्त ताकदीची गोळी लिहून दिली. आठ दिवस तू जड डोक्यानं पडून होतीस. नंतर करंट थांबला, तू उठलीस, कामाला लागलीस. मी म्हटलं, चला, भागलं!

भागलं नव्हतं. त्या दिवसापासून तू मला तुझ्या अंगातलं काही सांगायचं सोडलंस. गुडघा दुखतो, ते मला रूपालीकडून कळायचं. चष्म्याचा नंबर वाढला, ते दुकानदाराकडून. मला तर वाटायचं, बायको ठणठणीत आहे, तक्रार म्हणून नाही!

आज तो करंट बसला तेव्हा मी मटकन खाली बसलो. सगळ्या बाया जमल्या. मी म्हणालो, "माझ्या डोक्यात करंट बसतोय."

कुणी हसलं नाही. एकीनं पाणी आणलं, एकीनं बसायला क्रेट दिला, एक जण वहीनं वारा घालायला लागली. मालक ना मी! माझा करंट लगेच खरा. मला वाटत होतं, कुणीतरी हसावं. एकदा तरी मला कळू दे, कसं वाटतं ते.

बाकीच्या पांगल्यावर हौसाबाई तिथंच उभी राहिली. तुझी हौसा, घाटघरची. दरसाल टोळीबरोबर खाली येते आणि येताना तुझ्यासाठी नाचणीचं पीठ आणायची ती. अजूनही आणते, शेडमध्ये ठेवून जाते.

"मालक," ती म्हणाली, "मालकीणबायबी असंच सांगायच्या."

"माहीत हाय."

"तुमाला समदं माहीत न्हाई. त्या गेल्या त्या दिशी छाटणीच्या काड्या येचताना सकाळीच मला म्हणल्या व्हत्या, हौसा, छातीत लई दुखतंय, हात भरून आलाय. मी म्हणलं, मालकांना हाक मारते. तर म्हणल्या, नगं गं. ते परत वायरमनला बोलावतील." पदर खोचत ती म्हणाली, "आन हसल्या."

मी विचारलं, दोन वर्षं हे पोटात ठेवून काम केलंस? ती म्हणाली, "तुमी आधीच मोडला व्हता. कसं सांगू?"

सुनंदा, त्या सकाळी मी तुझ्यापासून चार ओळी पलीकडे होतो. मला वाटत आलंय, की तुला काही कळायच्या आतच सगळं झालं. सगळ्यांना तसंच सांगत आलो, "बसल्या जागी गेली, त्रास नाही झाला." त्रास झाला होता तर. हौसाला सांगितलंस तिथपासून दोन तास झाला होता. तो सांगायला तुला नवरा नव्हता, एवढंच.

सांगितलं असतंस तर वाचली असतीस का? मला माहीत नाही, कुणालाच सांगता यायचं नाही. पण जीप दारातच उभी होती.

आणि तुझ्यावर राग आहे माझा, तोही लिहितो. जन्मभर माझं कधी ऐकलंस? भाजीत तिखट कमी घाल म्हटलं की चमचाभर जास्त! माहेरी आठ दिवस राहा म्हटलं की चौथ्या दिवशी दारात हजर! आणि हे एवढं एकच ऐकलंस? मी एकदा फालतू बोललो, ते धरून बसलीस? ओरडायचं होतंस. कात्री फेकून मारायची होतीस माझ्यावर!

नाही, हे खोटं आहे. एकदा नव्हतो बोललो. दहा वेळा बोललो.

ज्याचं जळतं त्याला कळतं, म्हणतात. मला कळायला माझं डोकं जळावं लागलं. तेवढा वेळ तुझ्याकडे नव्हता.

दुपारी रूपालीला फोन करून सगळं सांगितलं. गोळीचं, फवारणीचं, दवाखान्यातल्या खोट्याचं. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "बाबा, उद्या मी येते. माल निघायची वाट बघू नका." तुझीच मुलगी आहे.

उद्या सकाळी व्यापाऱ्याची गाडी भरायला येणार आहे. येऊ दे. घड वेलीवर राहिले तर राहू देत. रूपाली आली की मी तिच्याबरोबर जीपनं नारायणगावला जाणार आहे. बाईंना माझं सांगेन, गोळी कधी चुकली, का चुकली, करंट कधीपासून बसतोय. पुन्हा कशी सुरू करायची, ते त्या ठरवतील. कधी सोडायची झाली तरी त्यांच्या हातानं, त्यांच्या सांगण्यानं. द्राक्षबागायतदारानं त्यात तोंड घालायचं नाही.

आणि माझं सांगून झालं की तुझं सांगेन. तुझी फाईल मी टाकलेली नाही, कपाटात तुझ्या साड्यांखाली होती, आज काढून पिशवीत घातली आहे. तिच्यात त्या दिवसाच्या कागदावर 'गोळ्या नियमित चालू' असं आहे. माझ्या सांगण्यावरून लिहिलेलं. तो कागद मी बाईंच्या पुढे ठेवीन आणि म्हणेन, हे खोटं आहे, खोडा. हिच्या गोळ्या नवऱ्यानं बंद केल्या होत्या. अकरा दिवसांच्या वर हिच्या डोक्यात करंट बसत होता. ही खरं सांगत होती.

हे वचन आहे, सुनंदा. बाकीच्या वचनांसारखं नाही, उद्याचंच आहे.

तुझा,
बबन