चॉकलेटची हंडी

जिनिव्हा, १२ डिसेंबर

सोलांज,

हे पत्र पाठवायचं नाहीये, म्हणून खरं लिहिते.

दोन विमानांमधल्या पाच तासांत तू आलीस आणि आईला घेऊन गाव पालथं घातलंस. पूल, तळ्याचा काठ, वर चर्चपर्यंतचा तो चढ! माझ्याबरोबर टपालपेटीपर्यंत यायचं म्हटलं तरी ती गुडघा धरते. आज त्या बोचऱ्या वाऱ्यात, काठी घरी विसरून, तुझ्या दंडाला धरून तुरुतुरु चालत होती. मागून तुझी बॅग ओढत मी.

"ओदिल, पाय उचल गं," म्हणाली. मला!

घरी आल्यावर शहराच्या जुन्या विजयाच्या सणाची चॉकलेटची हंडी मांडली. सर्वांत थोरल्याने आणि सर्वांत धाकट्याने हातात हात घालून ती फोडायची. तू मॉन्ट्रियलला गेल्यापासून अकरा वर्षं या घरात धाकटी मीच. सवयीने हात पुढे केला, तर आई म्हणाली, "तू नाही गं, आज आपलं शेंडेफळ आलंय ना!" आतल्या बदामाच्या गोड भाज्यांमधलं गाजरही तूच उचललंस.

तू गेल्यावर मी दुसरी हंडी आणली. आई म्हणाली, "आता कशाला? फुटली की एकदा." आणि खुर्चीत डुलक्या घेऊ लागली.

मग एकटीनेच फोडली. थोरलीही मीच, धाकटीही मीच. फोडताना "असाच होवो शत्रूचा नाश" म्हणायचं असतं. दरवर्षी म्हणताना डोळ्यांपुढे कुणीच नसायचं.

आज होतं.

तुझी ताई,
ओदिल